बर्ड फ्लूमध्ये मारलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट: खड्डा, आग की शेडमधलंच खत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शेडमध्ये सहा हजार ब्रॉयलर आहेत, शेजारच्या फार्मचा नमुना पॉझिटिव्ह आलाय, तुमचेही पक्षी मारावे लागणार हे जवळपास नक्की झालंय. खड्डा खणून चुना टाकला की पुरतं का, की जाळणं जास्त खात्रीचं, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘विहीर शेडपासून फार लांब नाही.’ माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. उत्तराची सुरुवात मी तिथूनच करतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी पशुवैद्य आहे आणि साथीच्या काळात विल्हेवाटीच्या कामावर अनेकदा उभा राहिलोय, पण तुमचं शेड मी पाहिलेलं नाही. बर्ड फ्लू हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे. पक्षी कधी मारायचे, कसे मारायचे आणि कुठे टाकायचे, याचा निर्णय तुमच्या भागातल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा असतो. स्वतःच्या हाताने काही उरकून टाकू नका. भरपाई मिळायची असेल तर ती मोजून, नोंद करून मारलेल्या पक्ष्यांचीच मिळते. पण बाहेरून येणाऱ्या पथकाला ठाऊक नसलेल्या चार गोष्टी तुम्हाला ठाऊक असतात: जमिनीखाली पाणी किती खोल आहे, पावसाचं पाणी कुठून वाहतं, वारा कुठल्या बाजूचा, आणि मशीन कुठवर येऊ शकतं. निर्णय त्यांचा असला तरी तो नीट व्हावा म्हणून लागणारी माहिती तुमच्याकडे आहे.

आता मूळ अडचण. तुम्ही विचारताय की विषाणू मरेल का. तो मरतो. हा विषाणू तसा नाजूक आहे. त्याच्याभोवती चरबीचं आवरण असतं, ते साबणानेसुद्धा फुटतं. ५६ अंश सेल्सियसला तीन तास किंवा ६० अंशांना अर्धा तास एवढ्यात तो निकामी होतो. त्याला मानवतात गारवा आणि ओल. ४ अंश तापमानाला विष्ठेत तो किमान ३५ दिवस टिकतो, ३७ अंशांना साधारण सहा दिवस. म्हणजे मेलेला पक्षी एका जागी, झाकलेला आणि कोणाच्याही तोंडी न लागता पडून राहिला, तर विषाणूचा प्रश्न काही आठवड्यांचा असतो.

मेलेल्या पक्ष्याचा प्रश्न मात्र इतक्यात संपत नाही. दोन किलोचा एक पक्षी धरला तर सहा हजारांचे झाले बारा टन. त्यातला दोन तृतीयांश भाग पाणी, म्हणजे आठ हजार लिटरच्या आसपास. कुजायला लागल्यावर हे पाणी अंगातून सुटतं, आणि नुसतं पाणी म्हणून नाही, तर रक्त, चरबी आणि अमोनिया घेऊन. ते जमिनीत उतरतं. अमोनियाचं पुढे नायट्रेट होतं आणि नायट्रेट पाण्याबरोबर लांबवर जातं. विषाणू पुरता मरून गेल्यानंतर कितीतरी काळ ही गळती चालू राहते. मी पाहिलेल्या बहुतेक फसलेल्या विल्हेवाटींमध्ये काही आठवड्यांचा प्रश्न सोडवण्याच्या घाईत काही वर्षांचा प्रश्न पुरून ठेवला होता.

याच्या जोडीला हालचाल. मेलेला पक्षी स्वतः कुठे जात नाही. त्याला नेतात ट्रॉलीची चाकं, कुत्री, कावळे, उंदीर, माणसांचे बूट. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात २००२ साली एच७एन२ ची, म्हणजे बर्ड फ्लूच्याच एका प्रकाराची, साथ आली, तेव्हा सुमारे ४७ लाख पक्षी गेले. नंतर शोध घेतल्यावर साथ पसरण्याच्या कारणांत एक ठळक कारण निघालं: फार्मवरची रोजची मरतूक उचलून रेंडरिंगला, म्हणजे चरबी आणि मांस उकळून वेगळं करण्याच्या कारखान्याला, पाठवण्याची पद्धत. कारखान्यात विषाणू उरत नाही, तिथलं तापमान त्याला झेपणारं नाही. अडचण होती ती कारखान्यापर्यंतच्या रस्त्याची. म्हणून माझा पहिला कल नेहमी हाच असतो की पक्षी फार्मच्या कुंपणाबाहेर जाताच कामा नये. शेजारी म्हणेल की त्याच्याकडे पडीक जमीन आहे. तरीही नको.

तुम्ही विचारलं नाहीत, पण वेळेचाही विचार करून ठेवा. मारायला एक दिवस लागतो, विल्हेवाटीला पाच. २०१५ मध्ये अमेरिकेत सुमारे पाच कोटी पक्षी गेले, तेव्हा अंड्यांच्या मोठ्या फार्मांवर हीच कोंडी झाली. मारलेले पक्षी टाकायला जागा ठरेना, कचरा डेपो ते घ्यायला कचरत होते, आणि उन्हाळा तोंडावर होता. तुमचे सहा हजारच आहेत, पण नियम तोच: खड्डा तयार झाल्याशिवाय किंवा भुसा शेडपाशी येऊन पडल्याशिवाय पहिला पक्षी मारू नये. पथकाला हे विचारायला संकोच करू नका.

आता खड्ड्याबद्दल, कारण तुमच्या डोक्यात तोच आहे.

सगळ्यात आधी चाचणीचा खड्डा घ्या. मुख्य खड्डा जेवढा खोल करायचा आहे त्याहून दीड-दोन मीटर जास्त खोल, मशीनच्या खोदायच्या बादलीएवढ्या रुंदीचा, खणून घ्या आणि रात्रभर तसाच ठेवा, वर फळ्या टाकून. सकाळी तळाशी पाणी दिसलं तर ती जागा रद्द. हे मी शहाणपणाने शिकलो नाही. एका कामावर आम्ही संध्याकाळी कोरडाठाक खड्डा पाहून खूश झालो, रात्री उशिरापर्यंत पक्षी मारले, आणि पहाटे पाहतो तर खड्ड्यात गुडघाभर पाणी. पक्षी शेडमध्ये ढिगाने पडलेले, दुसरी जागा ठरलेली नाही, आणि ऊन चढायला लागलेलं. तो दिवस मला अजून आठवतो, मुख्यतः वासासकट.

आकाराचा ढोबळ हिशेब असा की दोन मीटर लांब, दोन रुंद आणि दोन खोल खड्ड्यात वरच्या मातीला जागा ठेवून साधारण १,८०० पक्षी बसतात. तुमच्या सहा हजारांना दोन मीटर रुंद, दोन खोल आणि सात मीटर लांब चर लागेल. पण इथे सगळे एक गोष्ट विसरतात: लिटर, म्हणजे शेडच्या जमिनीवर अंथरलेलं तूस. पक्ष्यांखालचं हे तूस विष्ठेने भरलेलं असतं आणि तेही पक्ष्यांइतकंच बाधित. सहाशे चौरस मीटरच्या शेडमध्ये सात सेंटिमीटर थर असेल तर ते ४२ घनमीटर झालं. तुमचा चर आहे २८ घनमीटरचा. म्हणजे लिटर पुरायला पक्ष्यांपेक्षा मोठा खड्डा लागतो. उरलेलं खाद्य आणि पुठ्ठ्याचे ट्रे असतील तर ते वेगळेच. पुठ्ठा निर्जंतुक होत नाही, तोही पक्ष्यांबरोबरच जायला हवा. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

चुन्याबद्दल लोकांच्या मनात एक श्रद्धाच आहे. पक्ष्यांवर पांढराशुभ्र थर दिसला की सगळ्यांना बरं वाटतं. पण चुना थेट पक्ष्यांवर टाकला की कुजणं मंदावतं, ओल्या जागी तर जवळजवळ थांबतं. बऱ्याच काळाने उकरलेल्या खड्ड्यात पिसांसकट ओळखू येणारे पक्षी मी पाहिलेत, आणि त्यांच्यावर चुना भरपूर होता. बरोबर पद्धत अशी: पक्ष्यांवर आधी साधारण ४० सेंटिमीटर माती, तिच्यावर विरलेल्या चुन्याचा सलग थर, आणि मग उरलेली माती. हा थर मुख्यतः गांडुळांसाठी असतो. गांडुळं खालची घाण वर आणतात, चुन्याचा थर ती ओलांडत नाहीत. कळीचा चुना तर वापरूच नका; घामाने ओल्या त्वचेवर आणि डोळ्यांत गेला तर भाजतो, आणि त्या दिवशी कामावर असलेला प्रत्येक जण घामाने निथळत असतो.

वरची माती रोलरने दाबू नका. आत वायू तयार होतो, त्याला वाट हवी. दाबलेली माती फुगते, तडकते आणि त्या भेगेतून काळं पाणी वर येतं. माती सैल आणि उंचवट्यासारखी रचा, कारण काही आठवड्यांत ती खाली बसणारच. बसली की पुन्हा भर टाका, नाहीतर तिथे पावसाचं डबकं साठून सगळं पाणी थेट पक्ष्यांतून खाली उतरेल. प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून पक्षी पुरू नका. आत हवा जात नाही, पक्षी तसेच राहतात आणि पिशवी कधीतरी फुटतेच. आणि चराच्या कडेला कोणीही उभं राहायचं नाही, आत उतरायचं तर नाहीच. कड ढासळून माणूस गाडला जाण्याचा धोका बर्ड फ्लूच्या धोक्याइतकाच खरा आहे.

विहिरीपासून किती अंतर? याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, तुमच्या अधिकाऱ्यांकडे लिखित आकडा असेल. पण नुसत्या अंतरावर जाऊ नका. उताराच्या वरच्या बाजूला, फुटक्या खडकात केलेला लांबचा खड्डा हा खालच्या बाजूच्या, चिकण मातीतल्या जवळच्या खड्ड्यापेक्षा वाईट असू शकतो. पाणी कुठून कुठे जातं ते बघा.

जाळण्याबद्दल थोडक्यात, कारण सहसा मी ते सुचवत नाही. आग सगळं संपवते असं वाटतं, पण ज्या आगीत काही जळायच्या आधी आठ हजार लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते, ती लाकडाचे ढीग खाते. उघड्या ढिगात बाहेरचे पक्षी कोळसा होतात आणि आतले अर्धे शिजलेले राहतात. त्याहून वाईट म्हणजे गरम हवेच्या झोताबरोबर अर्धवट जळलेली पिसं उडतात. हा विषाणू पिसांच्या मुळांतही सापडतो, विशेषतः बदकांमध्ये. बंदिस्त, नीट चालणारी भट्टी हाताशी असेल आणि पक्षी थोडे असतील तर जाळणं उत्तम. सहा हजार पक्षी उघड्यावर जाळणं हा माझ्या मते शेवटचा पर्याय.

आता ज्या पर्यायाबद्दल तुम्ही विचारलंच नाही त्याकडे येतो: शेडच्या आतच खत करणं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात एच७एन२ आढळला तेव्हा मारलेले पक्षी शेडच्या आतच कुजवले होते. त्याच वर्षी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात १.७ कोटींच्या आसपास पक्षी गेले, तिथेही मोठ्या प्रमाणावर ही पद्धत वापरली. मीही आता जिथे जमेल तिथे हीच सुचवतो, आणि कारण वरच्या हिशेबातच आहे. खड्ड्यात न मावणारं ४२ घनमीटर लिटर इथे अडचण न राहता कच्चा माल होतं.

पक्ष्याच्या शरीरात नायट्रोजन भरपूर आणि त्या मानाने कार्बन कमी असतो, साधारण एक भाग नायट्रोजनला पाच भाग कार्बन. जिवाणूंना झपाट्याने काम करायला एक भाग नायट्रोजनला पंचवीस ते तीस भाग कार्बन लागतो. तूस, लाकडाचा भुसा, कोरडं लिटर हे कार्बन पुरवतात, सुटणारं पाणी शोषून घेतात आणि हवा खेळती ठेवतात. मग ढीग आपोआप तापतो. आतल्या गाभ्यात ५५ अंशांच्या वर सलग तीन दिवस तापमान राहिलं की विषाणूचं काम संपतं. वर दिलेले आकडे आठवा, त्याला ६० अंशांना अर्धा तासच पुरतो. आणि ते आठ हजार लिटर पाणी जमिनीत न जाता बरंचसं वाफ होऊन निघून जातं. तुमच्या विहिरीच्या दृष्टीने खरा फायदा तो.

रचना अशी. जमिनीवर आधी कोरड्या भुशाचा किंवा तुसाचा सुमारे ३० सेंटिमीटर थर, तोही फुगीर. त्यावर मशीन चालवून दाबायचा नाही. त्यावर पक्षी, लिटर, उरलेलं खाद्य हे सगळं मिसळून. पक्ष्यांचे वेगळे थर लावायचे नाहीत, कारण पक्ष्यावर पक्षी पडला की मधे हवा राहत नाही आणि तिथे काळा चिकट गोळा होतो. ढिगाची उंची दोन मीटरच्या आसपास, पायथा चारेक मीटर रुंद. शेवटी सगळीकडून २० ते ३० सेंटिमीटर स्वच्छ, कोरड्या भुशाचं पांघरूण. पंख, पाय, काहीही बाहेर दिसता कामा नये. या पांघरुणामुळे वास दबतो, माश्या येत नाहीत आणि ऊब आत राहते. ते कुठे खचलं तर त्याच दिवशी भर घाला.

ओल तपासायला यंत्र नको. मिश्रण मुठीत घट्ट दाबा, अर्थात हातमोजे घालून. हाताला ओलसर लागलं पण पाणी ठिबकलं नाही तर बरोबर. ठिबकलं तर भुसा वाढवा. पक्षी पाण्याच्या फेसात गुदमरवून मारले असतील तर ते ओले येतात, तेव्हा कोरडा माल जास्तच लागतो. एका शेडमध्ये सगळं नीट असूनही ढिगाचा एक कोपरा तापेना. शेवटी कळलं की ड्रिंकरची लाईन बंद करायची राहिली होती आणि तो कोपरा भिजत होता. मारण्याआधी पाण्याची लाईन मुख्य व्हॉल्व्हला बंद करा.

लांब दांड्याचा थर्मामीटर रोज ढिगात दीड फूट आणि तीन फूट खोलीवर, बऱ्याच ठिकाणी खुपसून आकडे लिहून ठेवायचे. पहिले चौदा दिवस ढीग उघडायचा नाही. मग अधिकाऱ्यांनी आकडे पाहून परवानगी दिली की ढीग पलटायचा. कडेचा माल गार राहिलेला असतो, तो पलटताना गाभ्यात आला पाहिजे; पलटण्याचा अर्धा हेतू तोच. पुन्हा पांघरूण, पुन्हा चौदा दिवस. म्हणजे महिनाभर शेड अडकतं. सगळे इथेच नाक मुरडतात. पण साथीनंतर शेड तसंही काही आठवडे रिकामं ठेवावं लागणारच असतं.

ही पद्धत कुठे फसते तेही सांगतो. शेडचं छप्पर गळत असेल, मशीन आत जाण्याइतकी उंची नसेल, किंवा पुरेसा कोरडा भुसा मिळत नसेल तर नको. अंगचं लिटर बहुधा पुरत नाही, पांघरुणासाठी आणि तळासाठी बाहेरून माल लागतोच. आणि रचना करताना हे आधी केलेला एक तरी माणूस समोर हवा. अर्धवट जमलेला ढीग हा उघड्यावर टाकलेल्या पक्ष्यांइतकाच वाईट.

कोणतीही पद्धत निवडा, माणसांबद्दल दोन गोष्टी. नेदरलँड्समध्ये २००३ च्या एच७एन७ साथीत तीन कोटींवर पक्षी गेले, ८९ माणसांना लागण झाली आणि एक पशुवैद्य दगावला. त्या ८९ पैकी बहुतेकांना डोळे येण्याचीच लक्षणं होती. लोक मास्क लावतात आणि चष्मा कपाळावर सरकवतात, कारण तो धुकटतो. बाजूने बंद असलेला चष्मा हवाच. दुसरी गोष्ट उकाड्याची. २०२४ च्या जुलैत अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात पक्षी मारणाऱ्या कामगारांना एच५एन१ ची लागण झाली. शेडमध्ये प्रचंड उकाडा होता, मोठे पंखे चालू होते, पिसं आणि धूळ उडत होती, आणि त्या गरमीत पीपीई किट धड अंगावर ठेवणं कठीण झालं होतं. म्हणून पाळ्या लहान ठेवा, काम पहाटे सुरू करा, पाणी प्यायला स्वच्छ जागी, किट नीट उतरवूनच जा. किट उतरवताना मास्क सगळ्यात शेवटी. काम संपल्यावर दहा दिवस ताप, खोकला, डोळ्यांची लाली यांवर लक्ष ठेवा आणि काही वाटलं तर डॉक्टरांना पक्ष्यांबद्दल आधी सांगा.

शेड धुण्याची घाईही नको. घाणीवर मारलेलं जंतुनाशक वाया जातं. आधी कोरडी घाण काढायची, मग साबणाचं पाणी, मग जंतुनाशक. ताज्या विष्ठेवर ब्लीचिंगचं पाणी ओतलं तर विष्ठेतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू निघतो; बंद शेडमध्ये तो माणूस पाडतो.

तर तुमच्यासाठी माझा कल असा: छप्पर शाबूत असेल आणि भुसा मिळत असेल तर शेडमध्येच खत. ते शक्य नसेल तर विहिरीच्या उताराकडे, म्हणजे पाणी विहिरीपासून दूर वाहतं त्या बाजूला, चाचणी घेतलेल्या जागी चर. उघड्यावर आग शक्यतो नाही.

आज करता येण्याजोगं काम हे: अधिकाऱ्यांना फोन करून विहिरीचं सांगा, त्यांची परवानगी घेऊन चाचणीचा खड्डा खणा, आणि शेडची लांबी, रुंदी, दाराची उंची मोजून ठेवा. मशीन किंवा भुशाची गाडी आत घेण्याआधी मात्र थांबा. आतबाहेर ये-जा करणारं प्रत्येक चाक धुतलं जाईल अशी सोय दाराशी आधी हवी. उद्या सकाळी खड्ड्यात पाणी किती आलं आणि माती कुठल्या रंगाची निघाली ते मला लिहा. चर तिथे चालेल की नाही, ते त्यावरून बरंचसं सांगता येईल.